पांढरी तीट

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आरंभीच सांगून वाचकांची क्षमा मागतो. नोकरीची सारी वर्षे मी इतरांचे निबंध तपासले, त्यांतील ऱ्हस्व-दीर्घांखाली तांबड्या रेघा ओढल्या. स्वतः मात्र रजेच्या अर्जापलीकडे फारसे काही लिहिले नाही. साठी उलटल्यावर, डिंगोरे गावातल्या माझ्या घरी ओट्यावर बसून, कोणा एका व्यक्तीचे चित्र शब्दांत उतरवू पाहणे हे माझ्यासारख्याचे धार्ष्ट्यच म्हणावे लागेल. परंतु गजराबाईंना ओळखणारी माणसे आंबेगावच्या पश्चिमेकडील चार डोंगरी गावांपलीकडे नाहीत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुले पोटापाण्यासाठी चाकणकडे पांगली आहेत. त्यांच्यातले कोणी हे लिहील असे दिसत नाही. एवढ्याच आधारावर हे धाडस करीत आहे.

जुन्नरच्या बाजूने माझी बदली त्या डोंगरातल्या शाळेवर झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी मला शाळेत शिरता आले नाही. दाराच्या पायरीवर एक ऐसपैस देहाची बाई बसली होती आणि तिच्यापुढे पहिलीच्या मुलांची रांग लागली होती. बाई एकेका मुलाची हनुवटी धरीत, चेहरा उजेडाकडे वळवीत आणि पेरणीआधी बियाणे तळहातावर घेऊन पाहावे तसे तो चेहरा निरखीत. घाई मुळीच नव्हती. मग त्यांना त्या चेहऱ्यात काहीतरी सापडे आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "अगं बया! काय ह्या भिवया! कुनी कोरल्या म्हनायच्या?" किंवा, "कान बघा राव ह्याचे! घाटघरचा वारा आला तरी हालायचे न्हाईत." एवढे झाले की मांडीवरच्या डबीत करंगळीशेजारचे बोट बुडवून त्या मुलाच्या गालावर काजळाची तीट लावीत. "नजर लागंल गं बाई, नजर लागंल. जा आत."

रांगेतले शेवटचे मूल आत गेल्यावर गजराबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "तुमी नवीन सर व्हय? या. आमच्याकडं दारातच तपासनी असती."

येथे माझ्याविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. मला लहानपणी देवी आल्या होत्या. त्यांचे व्रण चेहऱ्यावर दाट आहेत. लहान मुले मला प्रथम पाहतात तेव्हा बिचकतात, या अनुभवामुळे मी मुख्याध्यापकांकडे वरचे वर्ग मागितले होते. खरे कारण सांगण्याचा संकोच वाटला, म्हणून गणित बरे आहे असे सांगितले. मुख्याध्यापकांनी ते मानले. गजराबाईंनी मानले नाही.

"सर, ल्हानी पोरं का नको तुमास्नी?" जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारले.

लोक माझ्याशी बोलताना सहसा माझ्या कपाळाच्या वर किंवा खांद्यापलीकडे पाहतात. बाई सरळ चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"ह्यापायी व्हय?" त्यांनी स्वतःच्या गालावर बोट फिरवले. "आवं, आधी भितील, मग इचारतील, मग इसरतील. तुमी तेवढं थांबा."

त्यांनीच मुख्याध्यापकांशी बोलून मला दुसरीचा वर्ग मिळवून दिला. घडलेही तसेच. आरंभी एक मुलगी मला पाहून दप्तराआड तोंड लपवी. काही दिवसांनी तिनेच विचारले, "सर, ह्ये कशानं झालं?" मी सांगितले. तिने समजल्यासारखी मान हलवली. आणि दिवाळीच्या सुमारास माझ्या ध्यानात आले की वर्गातले कोणीच माझ्या चेहऱ्याकडे पाहत नाही. सगळे माझ्या बाहीला धरून ओढत असतात.

बाई डीएड झालेल्या होत्या. पुस्तक वाचताना त्यांची भाषा अगदी स्वच्छ, प्रमाण असे. पुस्तक मिटले की त्या गावच्या बोलीत परतत. "पोरांना घरचंच बोलनं कळतं, सर. आन रागवायाला बी तीच भाषा बरी," असे त्यांचे म्हणणे. त्या रागावतही सपाटून. मात्र एका बाबतीत त्या ओरडत नसत, तर विचारीत. कोणी कोणाला देहावरून नाव ठेवले की त्या काम थांबवीत. आमच्या शाळेत अशा नावांचा तोटा नव्हता. काडी, भोपळी, दात्री, बुटक्या, चकणा. मुले ही नावे दुष्टपणाने ठेवीत असे नाही. घरोघरी मोठी माणसेच त्यांना तशी हाक मारीत. पोरांनी ती शाळेत आणली, एवढेच.

एकदा तिसरीतल्या एका मुलाने शेजारच्या मुलीला "भोपळी" म्हटले. बाईंनी त्याला उठवले.

"तुज्या घरी कोन्ता तांदूळ असतो रं?"

"रायभोग, बाई. आन जाडा."

"जाड्याचं काय करत्यात?"

"भाकरी."

"रायभोगाची भाकरी व्हती का?"

"न्हाई बाई. तुटती."

"आन जाड्याचा पावन्याला भात वाढत्यात का?"

"न्हाई."

"मग आता सांग, कोन्ता तांदूळ चुकलाय?"

मुलगा बराच वेळ विचार करीत उभा राहिला. भाताच्या खाचरांत वाढलेल्या पोराला तांदळाबद्दल खोटे बोलवेना. "कोन्ताच न्हाई," तो म्हणाला. "बस खाली," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. उपदेशाचे पुढचे वाक्य, जे माझ्यासारख्या शिक्षकाने हटकून जोडले असते, ते त्यांनी जोडले नाही.

स्वतःच्या देहाविषयी त्यांना कसलीही अडचण नव्हती, निदान तेव्हा आम्हांला तसे वाटे. मिशरीने काळवंडलेले दात दाखवून त्या मनमोकळ्या हसत. त्या राहत घोडेगावी, आणि तिथून ज्या एस.टी.ने येत तिचा कंडक्टर त्यांच्या ओळखीचा होता. तो रोज म्हणे, "बाई, आज दोन तिकिटं फाडू का?" आणि बाई रोज नवे उत्तर देत. "फाड की. पण मंग दोन शिटा दे. एकीवर मी बसंन, एकीवर तुजं त्वांड ठिवीन." गाडीभर हशा पिकत असे. त्या हशात कंडक्टरही असे.

तिटेवरून एकदा अडचण उभी राहिली. तपासणीस आलेल्या एका तरुण अधिकाऱ्यांनी मुलांच्या गालांवरचे काजळ पाहून भुवया उंचावल्या. शाळेनेच अंधश्रद्धा पसरवावी का, असे त्यांनी सौम्यपणे, पण सर्वांसमोर विचारले. मुख्याध्यापक घामाघूम झाले. बाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, नजर लागती का न्हाई, ते मला ठावं न्हाई. मला एवढंच ठावं हाय, तीट देखन्या लेकराला लावत्यात. कुरूप हाय म्हनून कुनी कुनाला लावली, असं तुमी आयकलंय का? ह्यातल्या लई पोरांना घरी कुनी कदी लावली न्हाई. म्हनून मी लावते."

अधिकारी म्हणाले, "ठीक आहे. मुलांनाही एवढे सांगत चला."

"सांगायचं कशाला, साहेब? लावली की कळतंय."

आपल्या भाषेत 'गालबोट लागणे' याचा अर्थ चांगल्या गोष्टीत उणे येणे असा होऊन बसला आहे. मी तो वाक्प्रचार वर्षानुवर्षे तसाच शिकवला होता. बाईंचे उत्तर ऐकल्यापासून तो शिकवताना माझी जीभ अडखळू लागली.

काजल शाळेत आली त्या जूनची गोष्ट आता सांगतो, कारण या लेखाचा सगळा भार तिच्यावर आहे. तिच्या आईने मालिकेतल्या एका नायिकेवरून तिचे नाव ठेवले होते. मुलगी अंगाने भरलेली आणि वर्णाने सावळीच्याही पलीकडची. बाईंनी तिची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, तेव्हा शेजारी उभी असलेली तिची आई हसत म्हणाली, "हिला नगं वं बाई. काळ्यावर काळं कशाला? आन हिला कुनाची नजर लागतीया!"

तिच्या हसण्यात डंख नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. मुलगी मात्र आईकडे न पाहता बाईंच्या डबीकडे पाहत होती.

"डोळं बघितलंस का लेकीचं?" बाई आईला म्हणाल्या. "वासराचं असत्यात असं. लाव लाव म्हनत्यात ते." आणि त्यांनी तीट लावली.

व्हरांड्यात मुलांना केस विंचरण्यासाठी एक आरसा टांगलेला असे. काजल टाचा उंच करून त्यात पाहत राहिली. मग परत पायरीपाशी आली. "बाई, दिसत न्हाई."

मागची पोरे खिदळली. "काजलला काजळ! काजलला काजळ!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून आणखी एक डबी आणली. तिच्यात पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ होते. काजलच्या गालावर त्यांनी पांढरी तीट लावली. ती ठसठशीत उमटली. काजल दिवसभर पाण्याचे निमित्त काढून आरशाशी जात होती. बाईही खुशीत होत्या. आणखी दोन सावळ्या मुलांनाही त्यांनी तशीच लावली.

ही त्यांची चूक होती, आणि ती दुपारपर्यंत उघडी पडली. जेवणाच्या सुट्टीत पोरांनी नवे नाव शोधून काढले. पिठली. "ये पिठली! काळ्यांची तीट पांढरी!" दुसऱ्या दिवशी त्या दोन मुलांपैकी एक शाळेत आलेच नाही. काजल आली, पण गाल घासून घासून सोलवटून आली होती.

त्या संध्याकाळी मुले गेल्यावर बाई रिकाम्या वर्गात बसून होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सर, मी निवडून काडली वं पोरं. तांदळातलं खडं निवडावं तशी. पांढरं हिकडं, काळं तिकडं. चांगलं कराया गेले आन वळखायची खून करून ठिवली." मी काहीतरी समजुतीचे बोललो. त्यांनी ते ऐकले असे वाटले नाही.

पुढच्या सकाळी एस.टी.तून उतरल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गालावर पिठाची तीट होती. कंडक्टरच्याही गालावर होती. तो हसत हसत सगळ्या पोरांना दाखवत होता. काजळाची डबी बाईंनी आणलीच नव्हती. पहिलीपासून सातवीपर्यंत सर्वांना रांगेत उभे केले आणि प्रत्येकाला पांढरी तीट लावली. मुख्याध्यापकांना लावली. मला डबी पुढे करून म्हणाल्या, "तुमी तुमची लावा." मी ती गालावर लावली. व्रणांच्या त्या गालाला काजळाचे बोट माझ्या आईनेही कधी लावले नव्हते. तिला दोष देत नाही, तिच्या मनात तो विचारच आला नसेल. पण त्या सकाळी मी फळ्यावरचे आकडे काही वेळ नीट पाहू शकलो नाही.

रांगेत सरपंचांचा नातू होता. लोण्यासारखा गोरा. आरशात पाहून आला आणि रडवेला होऊन म्हणाला, "बाई, माजी दिसत न्हाई!"

"नसू दे," बाई म्हणाल्या. "लावलीया न्हवं? दिसत न्हाई म्हनून नसती व्हय रं?"

काजल तिथेच उभी होती. ते वाक्य तिने ऐकले आणि ठेवून दिले, असे आज वाटते.

पुढे आमच्या शाळेत पांढरी तीट हीच रीत झाली. काजल वाढली, वादावादी करू लागली, स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत नाचली. गोऱ्या मुली पुढे घ्याव्यात असे कोणीतरी सुचवले होते, त्यावर बाईंचा निकाल एवढाच होता, "जी नाचंल ती म्होरं." काजल नाचत असे, यात शंकेला जागा नव्हती. सातवीनंतर ती घोडेगावच्या हायस्कुलात जाऊ लागली.

त्याच सुमारास बाई बारीक होऊ लागल्या. गालाच्या आत फोड आला होता; त्यांनी तो उष्णतेचा मानला. तिखट सोडले, भाकरी सोडली, पेजेवर आल्या. आणि लोक त्यांचे अभिनंदन करू लागले. पंचायत समितीत, बाजारात, गाडीत, जो भेटे तो म्हणे, "बाई, काय झकास दिसताय! काय केलं?" कंडक्टर म्हणाला, "आता अर्धंच तिकीट." त्या दिवशी बाईंनी उत्तर दिले नाही. मला मात्र म्हणाल्या, "बघा सर. आजारानं मानूस वाळलं तर लोक पेढा मागत्यात."

पुण्याच्या डॉक्टरांनी मिशरीचे नाव घेतले आणि नंतर रोगाचे. शस्त्रक्रियेत जबड्याचा तुकडा आणि जवळजवळ सारा डावा गाल गेला. तेथे मांडीचे कातडे बसवले. हाच तो गाल, ज्यावर त्या स्वतःला तीट लावीत. मी घोडेगावी भेटायला गेलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पदर चेहऱ्यावरून ओढून हाताने धरलेला. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला होता. त्यांचे यजमान, मितभाषी गृहस्थ, चहा ठेवून बाहेर गेले.

मला बोलण्याची कला नाही. बराच वेळ चाचरून मी त्यांचेच वाक्य त्यांना परत दिले. "बाई, आधी भितील, मग विचारतील, मग विसरतील. आपण तेवढं थांबावं."

पदराआडून आवाज आला. शब्द फुटके होते, पण समजत होते. "सर, ते मला पाठ हाय. लागू पडंना."

माझ्याने जे झाले नाही ते काजलने मनावर घेतले. ती शाळा सुटली की बाईंकडे जाई, पेज करी आणि त्यांच्याशी भांडे. एकदा मी तेथे असतानाच तिची खडाजंगी चालली होती.

"आमास्नी एक सांगायचं आन सोता त्वांड लपवायचं, व्हय बाई?"

"तू मोठी झालीस. तुला काय. पयलीतलं पोरगं भिईल गं. शाळेचा पयला दिस आन त्यानं दारात राक्षसीन बघावी?"

"राक्षसीन कोन म्हनलं तुमास्नी? नाव सांगा. मी बघते त्याच्याकडं."

"आरसा म्हनला."

"मंग आरसा फोडते."

"फोड. भरून तूच दे," बाई म्हणाल्या, आणि पदराआड काहीतरी हलले. आम्ही दोघांनीही ते हसू आहे असे ठरवून टाकले.

मे महिन्यात एके दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितले, "जूनला येते. पयली तीट मीच लावनार."

ते माझे नोकरीतले शेवटचे वर्ष होते. शाळेच्या पहिल्या दिवशी मी पायरी झाडून घेतली. गाडी आली. काजलने हायस्कूल बुडवले होते; बाईंचा हात धरून तिने त्यांना उतरवले. कंडक्टरने फक्त पिशवी खाली दिली. बाई पदर चेहऱ्यावर धरून पायरीपर्यंत आल्या आणि आपल्या जागी बसल्या. त्यांचा देह आता त्या पायरीला पुरत नव्हता.

रांगेत सर्वांत पुढे परी नावाची एक चिमुरडी होती. बाईंनी पदर एका हाताने धरून दुसऱ्याने डबी उघडण्याचा प्रयत्न केला. झाकण घट्ट होते. मी पुढे झालो, तोवर त्यांनी दोन्ही हात लावले होते. झाकण निघाले आणि पदर घसरला.

परीने पाहिले. ती जोरात किंचाळली आणि आईच्या मागे जाऊन तिच्या लुगड्यात तोंड खुपसून रडू लागली. तिची आई ओशाळून म्हणत राहिली, "आगं, बाई हायती त्या. आमच्या बाई हायती. मला बी त्यांनीच शिकवलंय."

बाईंनी पदर पुन्हा ओढला नाही. तेवढा वेळ त्या तशाच बसल्या, उघड्या चेहऱ्याने, डबी हातात धरून. मला वाटले, थांबतील. त्यांच्या ओठांची हालचाल झाली; त्या स्वतःशीच काही म्हणत असाव्यात. मग त्यांनी डबी माझ्या हातात दिली.

"तुमी लावा, सर."

गाडी वळून उभी होती. त्या तिच्यात जाऊन बसल्या. काजल मागे धावली, खिडकीशी काही बोलली, आणि शेवटी तीही गाडीत चढली. त्या दिवशी साऱ्या तिटा मी लावल्या. मला कोणाच्या भुवया किंवा कान यांविषयी काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परी आईच्या आधी पायरीशी आली. माझ्या मागे डोकावून पाहिले. मग विचारले, "कालच्या बाई कुटं गेल्या?"

"घरी गेल्या. का गं?"

"त्येंचा गाल दुकतो का?"

आमच्या शाळेत मोबाइलला रेंज नाही. देवळामागच्या टेकाडावर चढावे लागते. सुट्टी होण्याची वाट न पाहता मी मुलांना मुख्याध्यापकांवर सोपवून टेकाड चढलो. धाप लागली होती. बाईंना फोन लावून परीचा प्रश्न सांगितला.

बाई म्हणाल्या, "काय म्हनली नेमकं? तिच्या शब्दांत सांगा."

मी पुन्हा सांगितले.

"तिला सांगा, दुकतो. खोटं सांगू नका." थोड्या वेळाने, अगदी हळू, "थांबाया पायजे व्हतं, सर. तेवढंच तर करायचं व्हतं."

"उद्या या, बाई. मुलगी इथेच आहे."

"येते."

त्या आल्या नाहीत. रोग परतला आणि त्या पुण्याच्या इस्पितळात अडकल्या. परी काही दिवस रोज सकाळी विचारी, "आज येनार?" मी म्हणे, येणार. पुढे ती अधूनमधून विचारू लागली. भाताला लोंब्या आल्या त्या सुमारास तिने विचारणे सोडले. बाईंचे वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत खरे ठरले; फक्त ते अनुभवायला त्या तेथे नव्हत्या.

भात कापणीच्या दिवसांत निरोप आला. घोडेगावी त्यांच्या अंगणात डोंगरातली कितीतरी माणसे जमली होती; हातातला विळा ठेवून, पायांचा चिखलही न धुता आली होती. बाईंच्या अंगावर हिरवे लुगडे होते आणि चेहरा डोळ्यांखालपर्यंत पांढऱ्या मलमलीने झाकलेला होता. कोणी म्हातारी म्हणाली, "शेवटचं तरी बघू द्या की त्वांड." यजमानांनी मान हलवली. "तिनं सांगून ठिवलंय. झाकूनच न्या म्हनली."

काजल गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात ती डबी होती. यजमानांकडे पाहून म्हणाली, "काडत न्हाई कापड. त्यांनी सांगितलंय ना. न्हाई काडत." ती खाली बसली. डबीत बोट बुडवले आणि डाव्या गालावर, जेथे गाल नव्हता तेथे, मलमलीवरच पिठाची तीट लावली. कापडात ती लगेच मिसळून गेली.

म्हातारी म्हणाली, "पांढऱ्यावर पांढरं, पोरी. दिसत न्हाई."

"नसू दे," काजल म्हणाली. "लावलीया."

आता मी निवृत्त झालो आहे. शाळेत तीट अजून लावतात, असे ऐकतो. दिसली तर खरे. गजराबाईंनी किती मुलांना स्वतःच्या चेहऱ्याशी नांदायला शिकवले, ते मी सांगू शकत नाही. मला शिकवले, एवढे निश्चित. त्या स्वतः मात्र त्या सकाळी पायरीवर थांबू शकल्या नाहीत, आणि याबद्दल त्यांना उणे लेखणारे मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला तो साधत नाही. मी फक्त एक विचारतो, आणि तेच वाचकांनाही विचारतो. समोर मूल किंचाळत होते, गाडी वळून उभी होती. त्या पायरीवर तुम्ही असता, तर थांबला असता का?